पट्टीवरची दोन अक्षरं

आबा गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे आलं, कारण ‘त्यातलं तुलाच कळेल’ असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आबा पाटबंधारे खात्यातले सिव्हिल इंजिनिअर, मी पुण्यातल्या एका कंपनीत कोड लिहिणारी. दोघांत सारखं काय, तर डिग्रीवरचा एक शब्द. पण घरातल्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. फ्रिज बंद पडला तरी मलाच फोन येतो.

कपाटात लेव्हल बुकांचा गठ्ठा होता, कंपासपेटी होती, लॉग टेबलचं पान न् पान सुटं झालेलं पुस्तक होतं. आणि सगळ्यात वरच्या खणात, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली ‘अण्णांची पट्टी’.

तिच्याबद्दल सांगायलाच हवं. अण्णा म्हणजे आबांचे थोरले भाऊ. मॅट्रिकनंतर शिक्षण सोडून वाईला एका दुकानात हिशेब लिहायला लागले. १९५९ साली आबांना पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा अण्णांनी स्वतःची सायकल विकली आणि धाकट्या भावाला जपानी स्लाइड रूल घेऊन दिला. पाठीवर कर्कटकाच्या टोकानं कोरून दिलं: ‘चि. दत्तूस. अण्णा. १९५९.’ ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेलीय की मला ती पाढ्यांसारखी पाठ आहे. मला बारावीला कमी मार्क पडले तेव्हा सांगितली गेली. लॅपटॉप घेतला तेव्हा (‘अण्णांनी सायकल विकली होती, लक्षात ठेव’) सांगितली गेली. पहिली नोकरी सोडली तेव्हाही. पट्टी मात्र आबांनी आम्हा मुलांच्या हातात कधी दिली नाही. लांबून बघायची.

आता ती माझ्या हातात होती आणि मला ती वापरायची कशी, हेच माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी बहुतेकांनी स्लाइड रूल पाहिला असेल तो एखाद्या जुन्या अंतराळ-सिनेमात, पांढऱ्या शर्टातल्या माणसांच्या हातात. तो फूटपट्टीसारखा दिसतो, पण मोजत काहीच नाही. गंमत अशी की दोन साध्या फूटपट्ट्या घेतल्या, एकीचं शून्य दुसरीच्या २ वर ठेवलं आणि वरच्या पट्टीवरच्या ३ च्या खाली पाहिलं, तर ५ दिसतात. म्हणजे बेरीज झाली. आता पट्टीवरच्या खुणा सारख्या अंतरावर न मारता लॉगरिदमच्या अंतरावर मारा. तीच सरकवासरकवी केली की बेरजेऐवजी गुणाकार होतो. बस, एवढंच. नेपियरनं १६१४ साली लॉगरिदम छापले, पुढच्या दहा वर्षांच्या आत विल्यम ऑट्रेड या इंग्लिश पाद्र्यानं दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवल्या, आणि मग साडेतीनशे वर्षं जगातले पूल, धरणं, इंजिनं, विमानं या युक्तीवर उभी राहिली. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांबरोबर पिकेट कंपनीचा अॅल्युमिनियमचा पिवळा स्लाइड रूल होता. १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डचा एचपी-३५ हा खिशातला सायंटिफिक कॅल्क्युलेटर ३९५ डॉलरला आला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत हा सगळा धंदा बसला. इतका जुना, इतका मुरलेला धंदा इतक्या झटकन बसल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. (आमच्या क्षेत्रात सध्या जे चाललंय ते पाहता मी हे वाक्य जरा दबक्या आवाजात लिहितेय.)

पट्टीवर पहिली गोष्ट नजरेत भरते ती खुणांची गर्दी. डावीकडे ऐसपैस, उजवीकडे दाटीवाटी. पंचवीस सेंटिमीटरच्या स्केलवर १ ते २ एवढ्यालाच साडेसात सेंटिमीटर जागा, आणि ९ ते १० ला जेमतेम सव्वा सेंटिमीटरही नाही. त्यावरून सरकते ती मधे बारीक रेघ असलेली काच. तिचं नाव कर्सर! लॅटिनमध्ये धावणारा. माझ्या स्क्रीनवर दिवसभर लुकलुकतो त्याचा हा पणजोबा. हे कळलं त्या दिवशी मी ऑफिसात तिघांना सांगितलं. एकानं फक्त ‘नाइस’ म्हटलं.

पण ज्यानं मला खरं अडकवलं ते वेगळंच. स्लाइड रूल दशांशचिन्ह देत नाही. ३ गुणिले ४ आणि ३०० गुणिले ०.०४, दोन्हींचं उत्तर पट्टीवर एकाच जागी येतं. तिथं फक्त १-२ असं वाचायचं. ते बारा आहे, एक पूर्णांक दोन आहे की बारा हजार, हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवं. आबांच्या लेव्हल बुकांत समासात जागोजागी बारीक पेन्सिलीत आकडे होते. मला आधी वाटलं, चुकलेली गणितं असतील. नंतर कळलं. ०.०३७५ गुणिले ४८२ करायचं असेल तर समासात आधी लिहायचं, ०.०४ गुणिले ५००, वीस. मग पट्टी सरकवायची, ती म्हणणार १-८-१ च्या अलीकडे जराशी. मग उत्तर १८.१. वीस आधी मनात असल्याशिवाय पट्टीला हात लावायचा नाही.

हे मला झोंबलं, कारण त्याच महिन्यात मी एका सर्व्हरच्या सेटिंगमध्ये थांबण्याची मर्यादा ३०००० लिहिली होती. मला मिलिसेकंद वाटले, म्हणजे तीस सेकंद. ते सेकंद होते. आठ तास वीस मिनिटं. रात्रभर एकामागोमाग एक कामं तुंबत गेली, पहाटे फोन वाजला, आणि दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये माझ्यासकट चौघांनी तो आकडा आधी पाहिला होता हे निघालं. चौघांनी आकडा पाहिला होता. किती मोठा आहे हे एकानंही पाहिलं नव्हतं.

तर मी पट्टी शिकायला लागले, आणि शिकता शिकता ती ओळखायला लागले. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. जगात जुन्या स्लाइड रूलांचा अभ्यास करणारी, जमवणारी बरीच माणसं आहेत, १९९१ पासून त्यांची ऑट्रेडच्याच नावाची एक सोसायटीही आहे. त्यांची बघायची एक रीत असते.

आधी पट्टी कशाची आहे ते पाहायचं, आणि ते कडेला, कापलेल्या टोकावर कळतं. जुन्या जर्मन पट्ट्या महोगनी किंवा पिअरसारख्या लाकडाच्या, वर सेल्युलॉइडचा पांढरा थर. पिकेट धातूची. नंतरच्या अॅरिस्टो आणि फाबर-कास्टेल प्लॅस्टिकच्या. टोकावर तंतूंचे बारीक ठिपके ठिपके दिसले की तो बांबू, आणि बांबू म्हटलं की जवळजवळ नक्की जपानी हेम्मी, मग वर नाव दुसऱ्या कुणाचं का असेना, कारण हेम्मी अमेरिकन कंपन्यांसाठीही पट्ट्या बनवून द्यायची. जिरो हेम्मी या माणसानं बांबूच्या पट्ट्या उलटसुलट चिकटवून अंग बनवायची पद्धत काढली आणि १९१२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. लाकूड दमट हवेत फुगतं, मधली पट्टी अडकते. बांबू फारसा हलत नाही आणि त्याला जात्याच एक गुळगुळीतपणा असतो. आमची पट्टी साठ वर्षं कोकणाच्या तोंडावरच्या, चार महिने भिंतींना बुरशी येणाऱ्या वसाहतींमध्ये राहिली. आजही बोटानं ढकलली तर सरकते आणि सोडली की तिथंच थांबते. हे दोन्ही व्हायला लागतं. नुसती सरकणारी पट्टी काही कामाची नाही.

मग स्केल. वर घनांचं के, त्याखाली वर्गांची ए आणि बी, मधे उलटं धावणारं सीआय, मग सी आणि डी, तळाला लॉगचं एल, आणि मधली पट्टी उपसून उलटी केली की साइन, टॅन. या मांडणीला रीट्झ म्हणतात, माक्स रीट्झ या जर्मन इंजिनिअरनं १९०२ मध्ये ती बसवली. त्याआधीची साधी मांडणी मानहाइमची. तो फ्रेंच तोफखान्यातला अधिकारी होता, आणि कर्सरची चाल त्याच्यामुळे पडली. सी आणि डीवर ३.१४ पाशी पायची खूण असते. आणि १.१३ च्या जरा अलीकडे एक छोटा सी असतो. हा काय, म्हणून मी बरंच डोकं खाजवलं. तो चार भागिले पायचं वर्गमूळ, १.१२८. व्यासावरून वर्तुळाचं क्षेत्रफळ एका सरकवणीत काढायचा आडमार्ग. पाइपातून पाणी किती जाईल याचा हिशेब दिवसातून वीसदा करणाऱ्या माणसासाठी ठेवलेली ती सोय आहे. त्याच्या आजूबाजूचं सेल्युलॉइड इतर जागांपेक्षा जास्त काळवंडलंय.

डाग साफ करायचा मोह आवरायचा. सेल्युलॉइडला सॅनिटायझर नाही, नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नाही, उन्हात ठेवायचं नाही. सौम्य साबणाचं पाणी लावलेलं, घट्ट पिळलेलं फडकं, आणि लगेच कोरडं. पिवळेपणा जात नाही, तो जाऊही नये. मग तपासणी: सीचा १ डीच्या १ वर ठेवून दुसऱ्या टोकाचे १० एकमेकांवर येतात का, कर्सरची रेघ वरपासून खालपर्यंत एकाच आकड्यावर पडते का. आमची रेघ केसभर तिरकी होती. काचेच्या चौकटीचे स्क्रू सैल करून ती सरळ केली, त्यात एक रविवार गेला.

शेवटी वय. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ असं असेल तर पट्टी युद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळातली. त्यापुढच्या हेम्मीवर दोन इंग्रजी अक्षरांचा बारीक ठसा असतो, उजेडात तिरकी धरल्याशिवाय दिसत नाही. पहिलं अक्षर वर्षाचं, ए म्हणजे १९५०, बी म्हणजे १९५१, असं पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी.

मी बोटांवर मोजून ठेवलं होतं. १९५९ ला घेतली, म्हणजे जे. फार तर त्याच्या अलीकडचं एखादं.

ठसा होता एन, डी. एप्रिल १९६३.

मी पहिल्यांदा तो एन नव्हे, एच आहे असं ठरवलं. एच म्हणजे १९५७, चाललं असतं, दुकानात पडून राहिली असेल. एन आणि एचमध्ये फरक तो काय, मधली रेघ तिरकी की आडवी. मोबाइलच्या टॉर्चखाली धरली, भिंगातून पाहिली, फोटो काढून मोठा केला. मला तो एच हवा होता. रेघ तिरकी होती. पाठीवर ‘१९५९’ कोरलेली आणि १९६३ मध्ये जन्मलेली पट्टी हातात घेऊन मी रात्री साडेबाराला जेवणघरात बसले होते.

बाबांना विचारायची हिंमत नव्हती. ती गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जसा होतो, तो मी ऐकलाय.

आजीला विचारलं. ती मेथी निवडत होती. मी ठसा, अक्षरं, महिना सगळं समजावून सांगितलं. तिनं काडी बाजूला टाकली आणि म्हणाली, “असं लिहिलेलं असतं होय त्याच्यावर? यांना माहीत असतं तर घासून काढलं असतं.”

मग तिनं सांगितलं, मधेमधे मेथी निवडत.

आबा नारायण पेठेत नदीच्या अंगाला तळमजल्यावर खोली घेऊन राहायचे. १२ जुलै १९६१ ला सकाळी ते कॉलेजात होते. पानशेत फुटलं, मग खडकवासला फुटलं, आणि पाणी गावात शिरलं. पाणी ओसरल्यावर खोलीपाशी पोचले तर ट्रंक नाही, गादी नाही, पुस्तकं नाहीत. भिंती होत्या आणि गुडघाभर चिखल. पट्टी ट्रंकेत होती.

“भाऊजी वाईहून आले ना शोधायला. शेवटची वाट पायी. हे सापडले तसे धरून रडले म्हणे. आणि मग विचारलं, ‘पट्टी आहे ना रे?’ यांच्या तोंडून गेलं, ‘आहे, मित्राकडे ठेवलीय.’ आता अशा वेळी काय सांगणार? ते अजून पायी फिरत होते, दोन वर्षं झाली तरी सायकल घेतलेली नव्हती.”

शेवटचं वर्ष आबांनी मित्रांच्या पट्टीवर काढलं. परीक्षाही. नोकरी लागली, ६४ साली लग्न झालं, आणि त्यानंतर कधीतरी मुंबईला फोर्टात जाऊन त्यांनी तशीच पट्टी शोधून आणली. पगाराचा चांगला लचका गेला.

“मग ते कोरणं?” मी विचारलं.

“ते मी कोरलं.”

मी नुसती बघत राहिले.

“यांचं अक्षर तिरकं. भाऊजींचं गोल, माझ्यासारखं. त्यांची पत्रं होती की घरात, ती समोर ठेवली. दोन दिवस साबणाच्या वडीवर सराव केला. ‘चि. दत्तूस’ होतं की ‘चि. दत्तास’, ते मात्र यांना धड आठवेना. मी म्हटलं, दत्तूसच असेल, हाक दत्तू मारतात तर.”

पाहुणे आले की पट्टी लांबून दाखवायची, कुणाच्या हातात द्यायची नाही, याचं कारण मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी त्याला शिस्त समजत होते.

“अण्णांना कधी कळलं?”

आजीनं बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, एकदा अण्णा धरणाच्या वसाहतीत राहायला आले होते, बाबा तेव्हा दुसरी-तिसरीत. त्यांनी ती मागून घेतली. उलटी केली, वाचलं, बोट फिरवलं. ‘छान जपलीस,’ म्हणाले आणि परत दिली. चहा झाला, गप्पा झाल्या. हे रात्रभर झोपले नाहीत.

“मला वाटतं त्यांना कळलं,” आजी म्हणाली. “हे म्हणायचे, नाही कळलं. ते दत्तूस-दत्तासचं मला अजून वाटतं बघ.”

मी बाबांना सांगितलेलं नाही. सांगायचं ठरवलं होतं, दोनदा. मला खोटं टिकवून ठेवायची हौस नाही. लॉग फाइलमध्ये एका मिनिटाची तफावत दिसली तरी मी माणसाला झोपू देत नाही. पण या प्रकरणात नक्की चुकीचं काय आहे, ते मला नीट मांडता येत नाही. सायकल विकली हे खरं. अण्णांनी पट्टी दिली हे खरं. ही ती पट्टी नाही, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मला आता ही जास्त आवडते. पहिली अण्णांनी घेतली. हिच्यात तिघांचा हात आहे.

गेल्या जूनमध्ये माझ्या आतेभावाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. सगळे जमले. श्रीखंड झालं आणि बाबांनी फडक्यातून पट्टी काढली. सायकल, वाई, १९५९. आवाज तसाच झाला. आजी शेजारी बसली होती. कोरलेलं अक्षर वाचायची वेळ आली तेव्हा बाबा म्हणाले, “बघा काय वळणदार आहे अण्णांचं अक्षर,” आणि आजीनं माझ्याकडे न बघता वाटीतलं श्रीखंड चाटून संपवलं.

नंतर आतेभाऊ पट्टी घेऊन माझ्याकडे आला. आता ती हातात द्यायला कुणाची ना नव्हती. “ताई, हिच्यावर गुणाकार कसा करायचा?”

मी म्हटलं, “सत्तेचाळीस गुणिले तेवीस कर.” त्यानं सीचा १ डीच्या ४-७ वर आणला, उजवीकडे २-३ शोधायला गेला, तर ते पट्टीच्या बाहेर लटकत होते.

“हे तर बाहेर गेलं.”

“मग उजव्या टोकाचा १ आण ४-७ वर.”

त्यानं आणला. कर्सर २-३ वर नेला, डोळे बारीक केले. “एक-शून्य-आठ. आणि थोडंसं पुढे.”

“म्हणजे किती?”

त्याचा हात खिशातल्या फोनकडे गेला. मी तो धरला. “फोन नको. अंदाजे सांग. साधारण किती यायला हवं?”

तो पट्टीकडे बघत बसला.